म्हातारपणात नापास

ज्या दिवशी साठ पूर्ण झाली त्या दिवशी सकाळी गिऱ्हाईकबाईंच्या फोनवर फुगे उडणारं एक चित्र आलं. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. त्याच्यापाठोपाठ, कपातला चहा गार व्हायच्या आत, दुसरा निरोप आला की वयोमर्यादेमुळे आपलं खातं आजपासून बंद करण्यात येत आहे. दोन्ही निरोप एकाच एजन्सीचे. एका हातानं फुगे द्यायचे आणि दुसऱ्या हातानं दार दाखवायचं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. बाईंनी जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

गिऱ्हाईकबाई हे नाव नवऱ्यानं ठेवलेलं. कारण गिऱ्हाईक होणं हाच त्यांचा धंदा होता. मोठमोठी दुकानं एका एजन्सीला सांगतात की आमचे लोक गिऱ्हाइकांशी कसे वागतात ते बघून सांगा. एजन्सी मग साध्या गिऱ्हाइकासारखं कुणाला तरी पाठवते. तो माणूस चौकशी करतो, भाव विचारतो, कधी एखादी वस्तू घेतो, आणि घरी येऊन लिहून देतो की काउंटरवरचा कसा बोलला, किती ताटकळत ठेवलं. याला मिस्ट्री शॉपर म्हणतात. बाईंनी मुलगी शाळेत होती तेव्हापासून हे काम केलं. चपलांच्या दुकानांत, बँकांत, दवाखान्यांच्या खिडक्यांवर, सगळीकडे. कुणाला कधी पत्ता लागला नाही, आणि या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता.

आता मला सांगा, दुकानात जायला वयाची अट असते हे कुणी ऐकलंय? माणूस साठीचा झाला की साबण वापरायचं सोडतो? बाईंनी एजन्सीतल्या पोराला फोन लावला. त्याला कामाबद्दल काहीही विचारलं की तो 'टकाटक' म्हणायचा, म्हणून बाईंच्या घरी त्याचं नाव टकाटक. टकाटकनं फार गोड आवाजात समजावलं की नियम वरून आलाय. साठीनंतर लोकांच्या लक्षात तपशील राहत नाहीत, फोनवरचं ॲप जमत नाही, आणि तसंही दुकानांना त्या वयाच्या मताची फारशी गरज नसते, कारण त्या वयात लोक खर्च करत नाहीत. बाई म्हणाल्या, मी काय हवेवर जगते? टकाटक म्हणाला, तसं नाही काकू. आणि परत 'नियम वरून आलाय' इथूनच सुरू झाला.

घरी बसल्यावर बाईंचं डोकंच फिरायला लागलं. काम गेलं ते गेलंच, पण केस रंगवायचं सोडलं आणि बाहेरची माणसंही बदलली. बँकेतली मुलगी प्रश्न त्यांना विचारायची आणि उत्तरासाठी नवऱ्याकडे बघायची. चष्म्याच्या दुकानात विचारलं, सोबत कुणी आलंय का. औषधाच्या दुकानात तर एकानं गोळ्यांचं पाकीट हातात देऊन वर त्यांची मूठ बंद करून दिली. बाई घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, मी मेलेय का रे? नवरा पेपरातून मान न काढता म्हणाला, मेलेली माणसं इतकं बोलत नाहीत. तो तसाच आहे, त्याचं मनावर घ्यायचं नसतं. पण त्या दिवशी बाईंनी घेतलं.

आणि अशात टकाटकचा फोन आला. विजेच्या वस्तूंच्या एका मोठ्या दुकानाला जाणून घ्यायचं होतं की आपले लोक ज्येष्ठ गिऱ्हाइकांशी कसे वागतात. त्यासाठी साठीच्या पुढचंच माणूस हवं. टकाटकनं वर भांडून बाईंचं नाव पुढे केलं होतं. हे एक काम नीट झालं तर बाईंपुरती वयाची अट कायमची काढून टाकू, असं साहेब बोलले होते. दुकानातल्या वॉशिंग मशीनच्या काउंटरवर एक मुलगी तात्पुरती लागली होती, तिची मुदत संपत आली होती. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते या रिपोर्टवर ठरणार होतं.

बाईंना आनंद झाला, अगदी उघड झाला. त्यांनी कपाटातून चांगले कपडे काढून इस्त्री केले, ठेवणीतली पर्स पुसली. नवऱ्यालाही उगाच दुसरा चहा दिला.

मग फोनवर सूचना आल्या, आणि बाईंचं पित्त खवळलं.

ज्येष्ठ गिऱ्हाईक म्हणून जाताना सावकाश चालावं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारावी. चष्मा सापडत नाही असं दाखवावं. निर्णय न घेता मुलाला विचारून सांगते म्हणावं. आणि काउंटरवरच्या माणसाला गुण कशाचे? तर त्यानं आल्या आल्या खुर्ची दिली का, पाणी दिलं का, आजी किंवा आजोबा म्हणाला का, मोठ्यानं आणि हळूहळू बोलला का, गिऱ्हाइकाचं कोणतंही म्हणणं खोडून न काढता हो ला हो केलं का.

हे कुणी लिहिलं म्हणून बाईंनी विचारलं. टकाटक जरा लाजत म्हणाला, मीच. माझ्या आजीवरून. बाईंनी आजीचं वय विचारलं. नव्वदच्या पुढे होतं. म्हणजे साठ आणि नव्वद या पोराच्या हिशेबी एकच. तुझं वय आणि दुपट्यातल्या पोराचं वय एकच का रे, असं बाईंनी विचारल्यावर तो म्हणाला, काकू, साहेबांना फार आवडलंय ते. बाईंनी कपाळाला हात लावला. पण जायला तर हवंच होतं. नाही म्हटलं असतं तर पुन्हा घरी बसून नवऱ्याच्या पेपराची मागची बाजू वाचायची.

दुकानात शिरताना बाईंनी फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला. तसा नियमच होता, सगळं बोलणं एजन्सीला द्यावं लागे. वॉशिंग मशीनच्या काउंटरवर एक बारकीशी, घाईघाईनं बोलणारी मुलगी होती. बाईंनी सावकाश चालायचा प्रयत्न केला, पण तो दाराशीच सुटला. चष्मा शोधायचा राहिला. त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं की वरून झाकणाचं मशीन बघायचंय.

मुलीनं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, वरून झाकणाचं कशाला घेता, किती पाणी लागतं त्याला. पुढून दाराचं घ्या. बाई म्हणाल्या, पुढून दाराचं आहे घरी, वैताग आलाय त्याचा. एक मोजा बाहेर राहिला तर राहिलाच. मुलगी म्हणाली, आता मध्येच थांबवून टाकता येतो, तुमचं मशीन जुनं असेल. बाई म्हणाल्या, आणि दाराच्या रबराला बुरशी धरते त्याचं काय? मुलीनं विचारलं, कपडे काढल्यावर दार उघडं ठेवता का? बाई म्हणाल्या, नाही, येता-जाता गुडघ्याला लागतं.

"अहो, मग मशीनला कशाला बोल लावता?" मुलगी म्हणाली. "दोष तुमचा आहे."

बाईंना हसूच फुटलं. मुलगीही हसली. त्यानंतर दोघी जणी मशीनच्या दोन बाजूंना उभ्या राहून जे भांडल्या, ते विचारू नका. पिळण्याचा वेग, आवाज, हातानं धुतलेल्या कपड्यांची सर, सगळं निघालं. बाईंनी एकदा तिला चूक दाखवली, ती तिनं मान्य केली. तिनं बाईंच्या चार चुका दाखवल्या, त्यातल्या दोन बाईंनी मान्य केल्या. साठी उलटल्यापासून इतकं सरळ कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. कुणी खुर्ची पुढे केली नाही, मुलाचं नाव काढलं नाही. बाई दुकानाबाहेर पडल्या तेव्हा त्यांना दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटत होतं, आणि बसथांब्यापर्यंत त्या मनातल्या मनात तिच्याशी भांडतच गेल्या.

घरी येऊन रिपोर्ट भरायला घेतला आणि सगळी हवा गेली.

खुर्ची दिली का? नाही. पाणी? नाही. आजी म्हणाली का? एकदाही नाही. हळू बोलली का? वाऱ्यासारखी बोलली. हो ला हो केलं का? अहो, तोंडावर सांगितलं की दोष तुमचा आहे, आणि तेही रेकॉर्डिंगमध्ये चांगलं खणखणीत आलं होतं. खोटं लिहायची सोय नव्हती. खरं लिहिलं तर इतक्या वर्षांतली सगळ्यात चांगली विकणारी मुलगी भोपळा घेऊन घरी जाणार होती. नवऱ्यानं रेकॉर्डिंग ऐकलं आणि पहिल्यांदाच पेपर बाजूला ठेवला. म्हणाला, ही तर तुझीच धाकटी बहीण वाटते.

बाईंनी टकाटकला फोन केला आणि सगळं सांगितलं. टकाटक म्हणाला, काकू, साहेब फक्त गुण बघतात. बाईंनी विचारलं, शेरा लिहू का? तो म्हणाला, लिहा, पण कुणी वाचत नाही. मग ही भेट रद्द कशी होईल, असं बाईंनी विचारलं. टकाटक घाबरला. म्हणाला, ती एकाच कारणानं रद्द होते, शॉपरनं स्वतःची ओळख उघड केली तर. मग दुसरं कुणी तरी पाठवतात, आणि त्या शॉपरचं नाव कायमचं काढून टाकतात.

"काकू, तसलं काही करू नका," तो म्हणाला. "तुमची अट काढायला मी किती भांडलोय."

तो खरंच भांडला होता. म्हणूनच बाईंना जास्त चीड आली. वाईट माणूस असता तर एक वेळ परवडलं असतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या, धुतलेलीच भांडी परत धुतली, आणि नवऱ्याला म्हणाल्या की हे काम मला हवंय रे, मला घरी नाही बसायचं. एकीकडे त्यांचं काम होतं, दुसरीकडे त्या पोरीचं, आणि मधे होता एकच प्रश्न, खुर्ची दिली का.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना बाई काउंटरवर हजर. मुलगी बघून खुलली, म्हणाली, काय, आज दार उघडं ठेवून आलात का? बाईंनी तिला मशीनच्या आडोशाला घेतलं आणि मी तपासणीला आले होते म्हणून सांगून टाकलं. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. तिला आदल्या दिवशीचं आपलं एकेक वाक्य आठवत असावं. बाईंनी सांगितलं की घाबरू नकोस, ओळख सांगितल्याचं मी एजन्सीला कळवते, ती भेट आता रद्द झाली. तुला कळलं की ती मोजत नाहीत. मला काही होत नाही त्यानं, असंही त्यांनी ठोकून दिलं.

पण एवढ्यानं भागणार नव्हतं. आता दुसरं माणूस येणार होतं, आणि ही पोरगी त्यालाही दोष तुमचा म्हणून मोकळी झाली असती. म्हणून बाईंनी तिला शिकवायला घेतलं. त्यांच्या जिवावर आलं होतं, पण शिकवलं. केस पांढरे दिसले की आधी खुर्ची. मग पाणी. आजी म्हणायचं. मोठ्यानं बोलायचं, तोडून तोडून बोलायचं. काहीही म्हणाले तरी बरोबर म्हणायचं.

मुलगी कान देऊन ऐकत होती. मग तिनं विचारलं, "तुम्हाला असं आवडतं?"

बाई म्हणाल्या, "मला नाही आवडत. पण गुण त्यालाच आहेत."

"मग काल आपण बोललो ते?"

"ते विसर."

तेवढ्यात फ्लोअर मॅनेजर येताना दिसला. सकाळची फेरी असावी. हातात चाव्यांचा जुडगा, आणि नजर काउंटरवर. मुलीनं त्याला बघितलं आणि पुढच्या क्षणी ती वेगळीच कुणी झाली. लगबगीनं खुर्ची आणली, बाईंच्या मागे ठेवली, आणि पलीकडच्या फ्रिजवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाली की आजी, उभ्या नका राहू, बसा बरं इथे. बाईंच्या पायांना काही झालेलं नव्हतं. पण मॅनेजर थांबून बघत होता, आणि पोरीच्या कपाळावर घाम दिसत होता.

बाई बसल्या. पाणी आलं, ते प्यायल्या. मग पोरीला हो म्हणायला काहीतरी हवं म्हणून त्यांनीच सुरू केलं. म्हणाल्या की ही पुढच्या दाराची मशीनं काही कामाची नसतात. मुलगी म्हणाली, बरोबर आहे, आजी. बाई म्हणाल्या, कपडे फाडतात मेली. मुलगी म्हणाली, अगदी खरं, आजी. बाई म्हणाल्या, आणि पाणी ढीगभर लागतं. काल याच गोष्टीवरून तिनं बाईंना धारेवर धरलं होतं. मुलगी म्हणाली, तुम्ही म्हणता तसंच आहे, आजी, तुमचा अनुभव मोठा. मॅनेजरनं समाधानानं मान हलवली, तिला शाबास म्हणाला आणि चाव्या वाजवत टीव्हींच्या बाजूला निघून गेला.

मुलगी वाकली. तिच्या डोळ्यांत आनंद मावत नव्हता. पहिल्याच झटक्यात जमलं होतं तिला, हुशारच होती ती.

"बरोबर आलं ना, आजी?"

मॅनेजर केव्हाच लांब गेला होता. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पैकीच्या पैकी."

त्यांनी पर्स उचलली आणि उठायला लागल्या, तशी मुलगी पटकन पुढे झाली आणि तिनं त्यांना कोपराला धरून उठवलं. बाईंनी उठवू दिलं.