तेहेतीस मिनिटं काम, दोन मिनिटं पाणी

कुमुदिनीचा दिवस पहाटे चार पन्नासला सुरू व्हायचा. पाचला उठूनही सव्वापाचची बस मिळाली असती, पण चहा उभ्याने प्यायचा नाही हा तिचा नियम होता. त्यासाठी दहा मिनिटं. बस जर्मनीतल्या गोसलारहून वर डोंगरात जायची. सहाला दहा कमी असताना ती हॉटेलच्या मागच्या दारात हजर असायची. अकरा वर्षांत दोनदा उशीर झाला, दोन्ही वेळा बर्फामुळे.

मी त्याच हॉटेलच्या लाँड्रीत एकवीस वर्षं काढली. माणूस कसं काम करतो हे मला त्याच्या मळक्या कपड्यांच्या गाठोड्यावरून कळायचं. इतरांच्या गाठोड्यांत मोजे निघायचे, टीव्हीचा रिमोट निघायचा, एकदा दातांची कवळी निघाली. कुमुदिनीच्या गाठोड्यात फक्त चादरी, अभ्रे आणि टॉवेल, तिन्ही वेगळे. तिला ही नोकरी मी सुचवली होती. तिचा नवरा चारुदत्त ब्राउनश्वाइगच्या एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ आहे. तिच्या बी.कॉम.ला इथे कुणी विचारत नव्हतं आणि घरी बसणं तिला जमत नव्हतं.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. तिचं जर्मन तेव्हा जेमतेम. दुपारी सुपरवायझर बाई आल्या, खोली बघितली, हसल्या आणि म्हणाल्या, "फायरआबेंट." कुमुदिनीने त्यातलं 'फायर' तेवढं ऐकलं. नोकरीवरून काढलं, असा अर्थ तिने लावला. एप्रन घडी करून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आत्मारामभाऊ, माफ करा. तुमचं नाव खाली गेलं."

"काय केलंस?"

"काहीच नाही. चांगलं काम केलं होतं. बाईंनी हसत हसत फायर केलं."

मला समजायला अर्धं मिनिट लागलं. फायरआबेंट म्हणजे कामाचा दिवस संपला, आता घरी जा. मी सांगितलं. तिने एप्रन उचलला, पुन्हा नीट घडी केली आणि म्हणाली, "हे चारुदत्तांना सांगू नका." मी त्याच संध्याकाळी सांगितलं.

आमचं गाव शनिवार-रविवारवर जगतं. शुक्रवारी संध्याकाळी हॅनोवर, हॅम्बुर्गहून गाड्या येतात. डोंगर चढायचे बूट, कुत्री, मुलं, थर्मास. रविवारी अकराच्या आत सगळे जातात आणि खोल्या एकदम रिकाम्या होतात. पाहुणा राहणार असेल तर खोलीत बिछाना सारखा करायचा, कचरा काढायचा, टॉवेल बदलायचे. पाहुणा गेला की सगळं नव्याने. हॉटेलचा नियम दोन्हीला सारखाच, वीस मिनिटं. म्हणून दोनला संपणारी रविवारची शिफ्ट चार-साडेचारपर्यंत जायची.

कायद्याप्रमाणे वर्षातले काही रविवार सुट्टी मिळायची. पण शनिवार आणि रविवार जोडून अकरा वर्षांत एकदाही नाही. चारुदत्तला सुट्टी फक्त त्याच दोन दिवशी. लोकांच्या डोंगरातल्या सुट्टीचे बिछाने तिने हजारोंनी घातले. स्वतः नवऱ्याबरोबर एक रात्रसुद्धा बाहेर गेली नव्हती. चारुदत्त म्हणायचा, "आमचं लग्न सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सात ते दहा."

मग कामगारांची समिती निवडायची वेळ आली. इथे तिला बेट्रीब्सराट म्हणतात. बायकांनी कुमुदिनीचं नाव घातलं, ती निवडून आली. युनियनच्या आयतेकिनबाई, इथल्या भाषेत फ्राऊ आयतेकिन, ब्राउनश्वाइगहून येऊन तिला नियम शिकवून गेल्या. मागण्या दोन ठरल्या. पाहुणा गेलेल्या खोलीला पस्तीस मिनिटं, आणि महिन्यातून एकदा प्रत्येकीला जोडून शनिवार-रविवार.

डायरेक्टर हेर क्रुग, म्हणजे क्रुगसाहेब, बैठकीत म्हणाले, "ज्याला काम येतं त्याला वीस पुरतात."

"आल्झो, तर मग," कुमुदिनी म्हणाली, "तुम्हाला काम येतं का?"

फ्राऊ आयतेकिननी टेबलाखालून तिचा पाय दाबला. हेर क्रुग म्हणाले, की ते हॉटेल-शाळेत हे सगळं शिकलेले आहेत.

"मग रविवारी २१४ नंबरची खोली तुमच्यासाठी ठेवते. वीस मिनिटांत केलीत तर मी दोन्ही मागण्या मागे घेते. नाही झाली तर दोन्ही मान्य करा."

तिने हे बायकांना विचारून केलं होतं, पण बाहेर आल्यावर तिने मला गाठलं. "भाऊ, त्यांना खरंच येत असेल तर?"

"मग वीसच बरोबर," मी म्हटलं. तिला ते पटलं.

रविवारी २१४ मधून चौघांचं कुटुंब आणि एक लांब केसांचा कुत्रा गेला होता. कुमुदिनीने ढकलगाडी पूर्ण भरून दिली, कोणत्या बाटलीत काय आहे तेही दाखवलं. घड्याळ माझ्याकडे होतं, कारण मी कुणालाच सूट देणार नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

हेर क्रुगनी कोट काढला. जुन्या चादरी काढणं बरं जमलं. मग दुलईला खोळ घालताना ते खांद्यापर्यंत आत गेले आणि आतून म्हणाले, "हे कोपरे कुठे आहेत?"

"जिथे शाळेत होते तिथेच," कुमुदिनी म्हणाली.

वीस मिनिटं झाली तेव्हा न्हाणीघराला हात लागलेला नव्हता. त्यांनी थांबायला हरकत नव्हती. थांबले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूने लिहीन. एक्कावन्न मिनिटांनी घामाने भिजून टबाच्या काठावर बसले. कुमुदिनीने जाळीतले केस दाखवले. ते उठले आणि तेही काढले.

"फायरआबेंट, हेर क्रुग," ती म्हणाली.

ते हसले, धन्यवाद म्हणाले. आम्ही दोघं एवढं का हसतोय ते त्यांना कळलं नाही.

मग कुमुदिनी शेजारच्या २१५ मध्ये शिरली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी घड्याळ लावलं. तेहेतीस मिनिटं.

करार लिहिताना ती म्हणाली, "तेहेतीस लिहा."

फ्राऊ आयतेकिननी पेन खाली ठेवलं. "आपण पस्तीस मागितली आहेत."

"काम तेहेतीसचं आहे."

"आणि उरलेली दोन?"

कुमुदिनीने विचार केला. "पाणी प्यायला लागतं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," हेर क्रुग म्हणाले. त्या रविवारी ते पाऊण बाटली प्यायले होते. करारात पस्तीस आलं. जोडून सुट्टीचं कलमही आलं.

पहिला जोडून शनिवार-रविवार तिच्या वाट्याला सप्टेंबरात आला. आल्प्समधल्या ओबर्स्टडॉर्फची दोन रात्रींची खोली तिने स्वतःच्या पगारातून घेतली. चारुदत्तला फक्त बॅग उचलायची परवानगी होती. शनिवारी पहाटे चार पन्नासला तिला जाग आली. उठून तिने आपल्या बाजूची चादर ताणली.

"अगं, झोप," चारुदत्त म्हणाला. "याचे पैसे दिलेत आपण."

"मी दिलेत," ती म्हणाली. "अहो, सरका. तुमच्या बाजूला सुरकुती आहे."

रविवारी निघताना तिने बिछाना उतरवून चादरी, अभ्रे आणि टॉवेल वेगळे बांधले. त्या गाठोड्याचा फोटो मला पाठवला. मी फोन करून विचारलं, खोली कशी होती, न्हाणीघर नीट होतं का.

"बघितलंच नाही, भाऊ. डोंगर बघत होतो."

तिच्या पगारातून आलं ते एवढं: बाल्कनीची खोली, वर जायच्या केबल कारची दोन तिकिटं, आणि रविवारी सकाळी साडेनऊला, जेव्हा इथे ती ढकलगाडी घेऊन दुसऱ्या मजल्यावर असायची, तेव्हा बसून प्यायलेली दुसरी कॉफी.