माझा डावा घोटा आणि ताईची परीक्षा

आमच्या ताईला कुणाचं साधं चालणंही बघवत नाही. आई बाजारातून येऊन दारात पिशवी टेकवते न टेकवते तोच ही सुरू, "आई, वजन एकाच खांद्यावर घेतेस तू. कंबर बघ कुठे चाललीये!"

"माझ्याबरोबरच आलीये घरी. पिशवी आत ने."

ताई व्यायामशास्त्र आणि क्रीडावैद्यक शिकते. खेळाडू कुठे आणि का दुखावतात, त्यांना पुन्हा मैदानात कसं उभं करायचं, हे सगळं त्यात येतं. बाबा मात्र पाहुण्यांना सांगतात, "ती जरा मालीश वगैरेचं करते." की आतल्या खोलीतून "बाबाऽऽ!"

शेवटच्या वर्षाला खऱ्या क्रीडा क्लबमध्ये उमेदवारी करावी लागते. जागा एकच, आणि तिच्यावर डोळा अर्ध्या वर्गाचा. निवड क्लबचे सर एका प्रात्यक्षिकावर करणार होते. जागा हुकली की ताईचं वर्ष वाया, आणि बाबांनी बँकेच्या परीक्षेची जाहिरात आधीच फ्रिजवर लावून ठेवली होती.

घरी तयारीला रुग्ण एकच, मी. कधी मी कण्हणारे आजोबा व्हायचे, कधी "मला काहीही झालेलं नाही, सोडा मला" म्हणणारा फुटबॉलपटू. ताई न हसता विचारायची, "दुखणं पायऱ्या चढताना जास्त की उतरताना?" मग घोट्याची पट्टी. टीव्ही दिसावा म्हणून मी सोफ्याचं एकच टोक धरून बसते, त्यामुळे ताईच्या मांडीवर कायम माझा डावाच पाय. हात इतका बसला की आईची मालिका बघत बघत ती पट्टी बांधायची आणि वर खलनायिकेला शिव्याही घालायची.

पुढचं ताईनेच घरी येऊन सांगितलं. सरांच्या आवाजाची नक्कल तेवढी माझी.

सर प्रश्नही स्वतःच विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात. नाकातून. "घोटा आत मुरगळला की पट्टी कुठून कुठे? आतून टाचेखालून बाहेर, वर ओढून. कळलं? नाही कळलं."

टेबलावर एक धावपटू बसली होती. तिचा उजवा घोटा नुकताच मुरगळला होता. ताईने प्रश्न झकास विचारले, चिकटपट्टीचा रोल उचलला आणि हात आपोआप सुटले. सुरेख, सपाट, एक सुरकुती नाही. मागे उभी असलेली पोरं माना उंचावून बघायला लागली.

शेवटची पट्टी दाबताना ताईचं लक्ष तळव्याकडे गेलं. तो आत वळला होता. ज्या बाजूला घोटा मुरगळला, नेमका त्याच बाजूला तिने तो बांधून ठेवला होता. हातांनी माझा डावा पाय बांधला होता, फक्त पाय दुसरीचा होता, आणि उजवा.

सर तेव्हा खिडकीपाशी फोनवर बोलत होते. त्यांनी लांबूनच मान डोलावली, छान म्हणून. वर मोजा चढवला की संपलं.

"तशीच राहू दे ना," धावपटू म्हणाली. "मस्त घट्ट बसलीये."

"घट्टच बसलीये, पण उलटी," ताई म्हणाली आणि तिने कात्री घेतली. मग मोठ्याने, "सर, मी पट्टी उलट्या दिशेने ओढलीये. काढून पुन्हा बांधते."

सरांनी फोन ठेवला आणि येऊन तिच्या डोक्यावरच उभे राहिले. ताई आता एकेक पट्टी लावताना पुटपुटत होती, "आतून... टाचेखालून... बाहेर..." पहिल्या वर्षाच्या पोरीसारखी. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

बांधून झाल्यावर सरांनी तळवा हलवून पाहिला. धावपटूला उभं केलं, चालवलं.

"पहिली का काढलीस? पाय आत जात होता म्हणून. कळलं?" ते थांबले. "कळलं. सोमवारी ये. आणि येताना एक रोल घेऊन ये, माझा संपवलास."

बाबांनी फ्रिजवरची जाहिरात काढली आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आईने किराणा लिहिला.

मी हुश्श करून टीव्ही लावला, तर ताई रोल घेऊन हजर.

"ऊठ. त्या टोकाला बस."

"तिथून टीव्ही दिसत नाही!"

"ऐकू येतो. उजवा पाय दे."