सावडीला दुसरा शब्द नाही

पाठ केलेलं उत्तर दर्शना विशेला लगेच ओळखू येतं. मूल मनचं बोलायचं सोडून पाठ केलेलं बोलू लागलं की त्याची नजर छताकडे जाते, असं तिचं म्हणणं. शहापूरच्या एका महाविद्यालयात ती पहिल्या वर्षाला व्यवस्थापन शिकवते. टोकावड्याजवळच्या घरून मुरबाडवरून एसटीने येते. नेमणूक तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनला विभागप्रमुखांनी तास दिले तर ती मॅडम, नाही तर आईबरोबर भाताची रोपं लावायला, आवणीला.

आजवर ती पुस्तकातली छापील केस शिकवायची: एक परदेशी विमान कंपनी आणि तिचे नाराज कर्मचारी. ज्या वर्गात कुणी विमानात पाऊल ठेवलेलं नाही, तो अख्खा वर्ग लिहायचा, "कर्मचाऱ्यांना प्रेरणा द्यावी." नजर छताकडे.

यंदा तिने ठरवलं, केस इथलीच घ्यायची. आधी म्हसा गावच्या जत्रेतला गुरांचा बाजार घेऊन पाहिला. मुलांनी पानंच्या पानं कौतुक लिहिलं. दर्शनाने ती केस टाकून दिली. ज्यात कुणाचं कुणाशी बिनसत नाही, ते भाषण होतं, केस होत नाही.

मग तिने सावड घेतली. आज सगळ्यांनी मिळून एकाच्या शेतात आवणी करायची, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नाही, माणसाला माणूस. केस साधी होती. एका घरातली सगळी माणसं गावभर राबली. त्यांची पाळी आली तेव्हा शेजारच्या घरून एकटी म्हातारी आली. बाकीचे कंपनीत ड्युटीवर. आता काय करायचं?

प्रणित उभा राहिला. "काढून टाकायचं त्यांना. कामचुकार!"

"काढून कुठं टाकशील?" मागच्या बाकावरून कुणाली म्हणाली. "बांधाला बांध हाय. पाणी त्यांच्याच खाचरातनं येतं ना तुझ्याकडं?"

"मग आमी काय फुकट मरायचं?"

"फुकट कोण म्हणतं? नाईट करून आलेला माणूस चिखलात आडवा झाला असता, तर तू उचलणार होतास?"

"अच्छा! म्हंजे ते घर तुझं!"

वर्ग खदखदून हसला. कुणाली हसली नाही. "हां, माझंच. नि राबणारं घर तुझं. आता बोल रे."

दर्शनाने ती केस स्वतःच्या गावावरून लिहिली होती. या दोघांचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. पण त्या दिवशी छताकडे कुणाचीही नजर गेली नाही.

विभागप्रमुख स्वरूप सर दारात उभं राहून हे ऐकत होते. माणूस वाईट नाही. पण महाविद्यालयाच्या पाहणीला बाहेरची समिती येणार, या काळजीने त्यांची झोप उडाली होती. तास संपल्यावर ते म्हणाले, "मॅडम, वर्ग छान रंगला. पण समितीला द्यायच्या केसेसच्या यादीत 'सावड' असं कसं दाखवू? त्यांना काय कळणार? केस राहू दे. फक्त वर 'टीमवर्क' लिहा."

"सर, पण ते टीमवर्क नाही."

"एका शब्दाचा तर प्रश्न आहे! जूनचे तास मीच ठरवतो, हे तुम्हाला माहीत आहे. उद्या यादी बदलून द्या."

घरी तिची आई, कमळ, वाल सोलत बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "लिही ना गो. एका शब्दापायी नोकरी घालवतेस का?"

"बरं, तूच सांग आई. सावडीला दुसरं काय म्हणशील?"

"मदत म्हण," कमळ म्हणाली, आणि लगेच तिने स्वतःच मान हलवली. "नाय, नाय. मदत म्हटलं की उपकार आला. सावडीत कुणाचा उपकार नाय." सोललेला वाल तिने भांड्यात टाकला. मग हसली. "नको लिहूस. जूनला ये माझ्यासंगं चिखलात."

दुसऱ्या दिवशी दर्शनाने यादी सरांच्या टेबलावर ठेवली. पहिल्याच ओळीत सावड होती. आदल्या दिवशी ती चौथी होती.

"मी काय सांगितलं होतं?"

"ऐकलं होतं, सर. पण टीममधून माणूस काढता येतो. सावडीतून शेजारी काढता येत नाही. वर टीमवर्क लिहिलं की प्रणितचं 'काढून टाका' हेच बरोबर उत्तर. मग मी शिकवायचं काय?"

"आणि समितीने विचारलं तर?"

"मला बोलवा. तुम्ही तास दिलेत किंवा नाही दिलेत, तरी येईन."

स्वरूप सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं. पहिल्या ओळीवर पेन धरलं. मग यादी तशीच बाजूला सारली. "जूनला बघू."

"बघा, सर. मी बदलणार नाही."

बाहेर आली तेव्हा प्रणित आणि कुणाली जिन्याजवळ थांबले होते, एकमेकांकडे पाठ करून.

"मॅडम, ती केस संपली का?" कुणालीने विचारलं. "याच्या घरचे म्हणतात, औंदा आमाला सावडीत बोलावणार नाय."

"मी नाय म्हणालो तसं! बाप म्हणाला," प्रणित पुटपुटला.

"संपली नाही," दर्शना म्हणाली. "उद्याही तीच. आणि दोघंही पहिल्या बाकावर बसायचं. शेजारी शेजारी."