कागदाची रस्सीखेच

एडवणच्या आमच्या शाळेच्या ओट्यावर कुष्ठरोगाचे तपासनीस यायचे. रुग्णाच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात कागद धरायला लावून ते ओढायचे. कागद निसटला की समजायचं, नस दुबळी झाली. एका कोळणीचा मागच्या खेपेला अलगद निसटला होता. तेव्हापासून ती गोळ्या घेत होती.

या खेपेला तिने पदर खोचला, डोळे वटारले. "ओडा!"

तपासनिसांनी पाय रोवून ओढलं. कागद टर्रकन फाटला आणि ते थेट तिच्या बोंबलांच्या पाटीत बसले! तिथूनच अर्धा कागद झेंड्यासारखा फडकवत ओरडले, "फाटला! फाटला!" आणि उठून नाचायलाच लागले.

कोळीण मला म्हणाली, "मास्तर, हरला तरी नाचतंय! आदी याचीच नस तपासा."

तिच्या बोटांतला तुकडा मात्र बाजारापर्यंत तसाच गेला.