फियाटमधली बुरशी आणि गोदाबाई

"काहून?" म्हणजे "का?", हा गोदाबाईचा आवडता शब्द. एकदा का तो तिच्या तोंडून निघाला, की पुढ्यातला चहा निवून पाणी झाला तरी तिला शुद्ध नसायची.

लामत्याहून, तिच्या गावाहून, ती वर्षातून दोनदा आमच्या बालाघाटच्या घरी यायची. पौषात वर्षाचा तांदूळ कोठीत भरायला, आणि पाऊस सरत आला की कोठी उघडून तांदळाला वारा द्यायला. अशी चाळीसेक घरं तिच्याकडे होती. मूठभर तांदूळ नाकाशी नेऊन ती सांगायची, पोतं भिंतीला टेकलं होतं की नाही. गोदाबाईनं भरलेल्या कोठीला कीड लागत नाही, अशी तिची ख्याती. त्यावर तिचं पोट चालायचं आणि थोडी ऐटही.

सत्त्याण्णव साली ती भाद्रपदात आली, तेव्हा घरात तांदळाकडे बघायला कुणाला सवड नव्हती. वाद चालू होता बाबांच्या जुन्या फियाटवरून. बाबा, म्हणजे गुणाकरराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसीअर. जन्मभर दुसऱ्यांच्या पाण्याचा बंदोबस्त केला आणि स्वतःच्या गाडीतल्या ओलीपुढे हात टेकले. जूनमध्ये त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तीन महिने गाडी चालवायला मनाई झाली. त्यांनी धानाच्या गंजीवर घालतात तशी प्लास्टिकची ताडपत्री गाडीवर गच्च आवळली. दर रविवारी ती सोडायची, गाडी आतबाहेर धुवायची, की पुन्हा आवळायची. स्वच्छतेचा हा सोहळा अडीच महिने चालला. बाबांच्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं; मग एके दिवशी आम्ही दार उघडून नीट पाहिलं, तर सीटवर, छतावर, स्टिअरिंगवर सगळीकडे हिरवट पांढरी बुरशी.

माझ्या आईला, अहिल्याबाईंना, दमा. ती एकदाच आत बसली आणि दोन दिवस खोकत राहिली. बाबांनी साबण लावला, अत्तर शिंपडलं, कापूर जाळला. चार दिवसांत बुरशी परत हजर. शेवटी आई म्हणाली, "दसऱ्याला मी पुन्हा बसून बघेन. खोकला आला, तर पूजा करायची आणि गाडी विकून टाकायची." बाबांचा चेहरा एवढासा झाला. याच गाडीतून त्यांनी आईला पहिल्यांदा तिच्या माहेरी, कटंगीला नेलं होतं. त्याआधी ती वीस वर्षं बसनं जायची.

गोदाबाईनं गाडीत डोकं घातलं, वास घेतला आणि कोठी विसरली.

"साहेब, पुसता तरी येऊन राह्यली. काहून?"

"हवाच दमट आहे," बाबा म्हणाले.

"हवा त तुमच्या कपाटातबी हाय. तिथं काहून नाय? बुरशी नोका पुसू, ओल कुठं बसली ते पाहू."

तिनं गाडीच्या चारी कोपऱ्यांत कागदावर खडेमीठ ठेवलं आणि दारं लावून घेतली. मला भारीच मजा वाटली. सकाळी चहा टाकून आधी गाडीकडे धावले. तीन ठिकाणचे खडे नुसते चिकट झाले होते. पुढे डावीकडे, आईच्या पायाशी, मिठाचं पाणी झालं होतं.

"तिथे काही नाही," बाबा जरा घाईनंच म्हणाले.

गोदाबाईनं रबरी पायपुसणं उचललं, त्याखालचा जाड लोकरी नमदा उचलला. खाली काळा, बुळबुळीत लगदा. त्यातून काड्या वर आल्या होत्या. कडुलिंबाच्या.

"हे कोनं टाकलं?"

"मीच," बाबा म्हणाले. "तूच सांगितलं होतंस ना पौषात, कडुलिंबाचा पाला घातला की काही नासत नाही? म्हटलं हिच्या दम्यालाही बरं. म्हणून हिच्याच पायाशी घातला. दोनदा."

"सावलीत सुकवला होता ना?"

"सुकवायचा असतो?"

मला हसू आवरेना. गोदाबाई मात्र खाली बसून त्या काड्या वेचू लागली. कोठीत ती घालायची तो पाला घरून सुकवून आणलेला असे. लामत्यात ही गोष्ट पोरासोरांनाही ठाऊक, म्हणून ती कुणाला सांगायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हिला सांगायला नको," बाबा हळूच म्हणाले. "चाळीस घरांत बोभाटा होईल तुझा."

गोदाबाई उठली आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. "बाई, तुमचा खोकला माह्यामुळं हाय. म्या अर्धीच गोष्ट सांगतली. दसऱ्याले तुम्ही खोकलल्या, त पुन्हा कोन्याच कोठीले हात नाय लावणार मी."

"बघू," एवढंच आई म्हणाली. मला आईचा रागच आला.

तेव्हापासून दसऱ्यापर्यंत उघाड पडली की गोदाबाई हजर. आईला घरात ठेवून, नाकाला पदर बांधून तिनं सीटा अंगणात बाजेवर काढल्या. नमदा फेकला. घट्ट पिळलेल्या फडक्यानं सिरका आणि पाणी फिरवायचं, लगेच कोरडं पुसायचं, मग दिवसभर ऊन. पाइप तिनं बाबांच्या हातातून काढूनच घेतला. ताडपत्री गेली, गाडी पडवीत आली, वर सुती चादर. काचा बोटभर खाली. सीटखाली वाटीत कोळसा. आणि प्रत्येक गोष्ट ती आता दोनदा सांगायची, शेवटपर्यंत.

दसऱ्याला झेंडूची माळ घातली. आई पुढे डावीकडे बसली आणि तिनं दार लावलं, काचा वर केल्या. बाबा घड्याळ बघत होते. गोदाबाईचा हात दाराच्या कडीवर होता. पाच मिनिटं झाली. मग दहा.

आईनं काच खाली केली. "गोदा, तुझी लामत्याची बस किती वाजता आहे?"

"चार वाजता, बाई."

"राहू दे ती. गाडीनं सोडू तुला." आई उतरली आणि मागचं दार उघडून मागे बसली. "तू पुढे बस. माझ्या जागेवर."

आमच्या घरात गोदाबाई कधी खुर्चीवरही बसली नव्हती. "मी काहून, बाई?"

"ओल आली, तर तुझ्या पायाला आधी कळेल."

गोदाबाईनं चपला काढून हातात घेतल्या.

"चपला घालूनच बस," आई म्हणाली.