शुक्राची कोर आणि जहांआराबींचं वय

उस्मानपुऱ्यातल्या जहांआराबी शाळेचे गणवेश शिवायच्या. त्यांच्या दाखल्यावर जन्मतारीख होती एक जून एकोणीसशे अठ्ठेचाळीस. मास्तरांनी उंची बघून ती टाकलेली. आई, वहिदाबी, मात्र शेवटपर्यंत म्हणायची, "तू पोलीस ॲक्शनच्या नंतरची. थंडी व्हती." निजामावरची ती कारवाई अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरातली; त्यानंतरची कितवी थंडी, ते तिला सांगता येत नव्हतं. वडील इलियास घड्याळं दुरुस्त करायचे. ते तरुणपणीच गेले. जहांआराबींना त्यांचा चेहराही आठवत नव्हता.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत वडिलांची वही निघाली. चष्म्याचं भिंग, घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग आणि पत्र्याची नळी जोडून त्यांनी दुर्बीण केली होती. दिवस मावळला की ते शुक्र बघायचे आणि दिसेल तसा वहीत काढायचे. अर्धा, मग कलिंगडाच्या फोडीसारखा, मग नखाएवढा. खाली उर्दूत हिजरी तारीख आणि महिना असे, साल कुठंच नव्हतं. एका बारीक कोरीखाली लिहिलं होतं: वीस रबीउल अव्वल, आज मुलगी झाली.

गणित शिकवून निवृत्त झालेल्या द्वारकाबाई सांडू नातीचा गणवेश न्यायला आल्या, तेव्हा जहांआराबींनी वही पुढं केली. "बाई, ह्याच्यातनं साल निघंल का?"

द्वारकाबाईंनी चष्मा पुसला. "चंद्रासारख्या शुक्रालाही कला असतात. पण संध्याकाळी अशी कोर एकोणीस-वीस महिन्यांतनं एकदाच दिसते. आणि तुमचा महिना दरवर्षी अकरा दिवस अलीकडं येतो. दोन्ही जुळतील असं साल एखादंच असणार."

त्यांनी ओळखीच्या एका जोशीबुवांकडून जुनी पंचांगं आणली. उर्दू त्यांना शाळेत होतं, म्हणून वहीही घरी नेली आणि पंधरा दिवस त्या आकडेमोड करत होत्या. मग एका दुपारी येऊन मशीनशेजारी बसल्या.

"एकोणपन्नासच्या त्या महिन्यात शुक्र पहाटे दिसत होता. पन्नासच्या डिसेंबरात तोच महिना परत आला, तेव्हा तो जवळपास पूर्ण गोल होता. कोर जुळते ती फक्त जानेवारी पन्नासला. दहा तारीख नाहीतर अकरा. तुमच्याकडं चंद्र कधी दिसला, त्यावर एक दिवस अवलंबून."

"म्हंजे मी दीड वर्षानं लहान हाय," जहांआराबी हसल्या.

"अजून एक पान राहिलं. हे वाचा."

त्या पानावर शुक्राच्या कोरीवरून पेन्सिलीच्या वाकड्यातिकड्या रेघोट्या होत्या. जहांआराबींनी सावकाश वाचलं, "नऊ जिल्काद. पावसानं उघडीप दिली. जहांआरानंबी पाहिलं."

"हा ऑगस्ट एक्कावन्न," द्वारकाबाई म्हणाल्या. "दीड वर्षाच्या होता तुम्ही."

जहांआराबी कितीतरी वेळ त्या रेघोट्यांवरून बोट फिरवत राहिल्या.

"नळी तर उंच आसंल," त्या हळूच म्हणाल्या. "डोळा लावायला अब्बांनी मला कडंवर घेतलं आसंल ना, बाई?"

"घ्यावंच लागलं असेल. दुसरं कोण घेणार?"

जहांआराबींनी पदरानं डोळे टिपले. बाई उठायला लागल्या, तर त्यांचा हात धरून बसवून घेतलं.

दाखला त्यांनी बदलला नाही. पण पुढच्या जानेवारीत त्यांनी दहालाही खीर केली आणि अकरालाही. द्वारकाबाईंना दोन्ही दिवस जेवायला यावं लागलं.