बावीसनंतर चोवीस

वर्गात जी कमी बोलते, तिच्याकडे किस्से जास्त साठतात. तिच्यासमोर सगळे निर्धास्त बोलतात ना! भुसावळच्या आमच्या शाळेतले, नववी ‘ब’मधले, असे बरेच माझ्याकडे जमलेत. काही सांगताना हसू येतं. बाकीचे मी दिवसाउजेडीच सांगते.

*

सर बाहेर गेले की मॉनिटर हर्षल बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो. एकदा वर्ग चिडीचूप होता, तरी त्यानं माझं नाव लिहिलं.

सर आले. “ही? हिला तोंड आहे का?”

“सर, ही मनात बोलत होती!”

वर्ग खो खो हसला. मला मात्र घाम फुटला. मी खरंच बोलत होते!

*

शिक्षक दिनाला मुख्याध्यापिका बाई माईकवर म्हणाल्या, “आज मनमोकळं बोला.”

आमचे वर्गशिक्षक सगळ्यांचे लाडके. मुलींनी त्यांच्यावर कविता म्हटल्या. मग प्रज्ञा उठली.

“सर गणित छान शिकवतात. पण पाचवीच्या मुलांना डस्टरनं मारतात. ते थांबवावं.”

टाळ्या एकट्या सरांनीच वाजवल्या. हळूहळू. हसत.

*

दुसऱ्या दिवसापासून प्रज्ञा कोणाला दिसेना! कोणी ठरवलं, कधी ठरवलं, काही माहीत नाही.

आमचे रिक्षावाले नाना धुळ्याकडचे. निघताना रोज विचारतात, “बठ्ठ्या बसन्यात का?”

“हो नाना, सगळ्या बसल्या!”

त्या दिवशी प्रज्ञा दप्तर घेऊन बाहेरच उभी होती.

“मंग ही कोन शे?”

“कोण, नाना?” सगळ्या एका सुरात.

नानांनी आरशातून आमच्याकडे बघितलं, मग वळून तिच्याकडे. “बस वं माय,” म्हणाले. त्या दिवसापासून ते रिक्षात गाणी लावत नाहीत.

*

मधल्या सुट्टीत प्रज्ञानं भरिताचा डबा मध्ये ठेवला. तिच्या आईचं भरीत म्हणजे आधी भांडणं व्हायची! आता सगळ्यांचे हात डब्याला वळसा घालून जात होते. वासानं तोंडाला पाणी सुटलेलं, आणि दीपाली म्हणते, “आज भरीत कोणीच आणलं नाही वाटतं!”

*

नळावर प्रज्ञा माझ्याशेजारी आली. बोलली मात्र नळाकडे बघून. माझ्याकडे बघितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी मीही कोणाला दिसले नसते.

“पप्पा मला जळगावच्या शाळेत टाकतायत. मला नाही जायचं गं. वर्गात कोणी एकदा नाव घेतलं ना, तरी मी राहीन.”

मी पोट फुटेपर्यंत पाणी प्यायले.

*

शनिवारी सकाळची शाळा. प्रज्ञाचे पप्पा दाखल्यासाठी ऑफिसात बसलेले. सर हजेरी घेत होते. हल्ली ते तिचा नंबर गाळायचे.

“बावीस.”

“हजर, सर.”

“चोवीस.”

चोवीस मी. मी तोंड उघडायच्या आत कोणीतरी म्हणालं, “तेवीस हजर.”

आवाज अगदी बारीक, पाचवीतल्या मुलाचा असतो तसा.

“कोण बोललं?”

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. हर्षलसुद्धा. प्रज्ञासुद्धा.

“तेवीस हजर.” आता खिडकीकडून. तिथं कोणीच बसत नाही.

सरांनी घसा खाकरला. “तेवीस... प्रज्ञा?”

प्रज्ञा उभी राहिली. “हजर.”

आवाज दोन आले. एक तिचा, दुसरा तोच बारीक.